व्याजस्तुतीचे व्याज

बोळिंजला राहायला आल्यापासून मला दोन सवयी जडल्या. एक म्हणजे आगाशीची सुकेळी खाणे आणि दुसरी म्हणजे पहाटे चार वाजता उठून नळाला कान लावून बसणे. पहिली डॉक्टरांनी बंद केली. दुसरी नळाने.

बोळिंज कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नाही (बोरिवलीच्या पुढे गुजरात लागतो असे मानणारे माझे बरेचसे नातेवाईक याच वर्गात मोडतात) त्यांच्यासाठी सांगतो. विरारला पश्चिमेला उतरावे, लोकलमधून आपण सर्व अवयवांसह उतरलो आहोत याची खात्री करून घ्यावी आणि आगाशी-अर्नाळ्याच्या रस्त्याला लागावे. वाटेत बोळिंज. एके काळी हा सगळा मुलूख वाड्यांचा. केळी, पानवेली, फुलझाडे आणि वाडीवाडीत विहीर. म्हणजे तेव्हा पाणी भरपूर होते आणि ते प्यायला माणसे कमी होती. आता माणसे भरपूर झाली आहेत. वाक्य पुरे करण्याची गरज नसावी.

तर आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाला स्मरणिका काढायचे ठरले आणि अध्यक्षसाहेब माझ्याकडे आले. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. मी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. त्यामुळे सोसायटीत ते अर्थतज्ज्ञ आणि मी लेखक अशी कामाची वाटणी आपोआपच झाली आहे.

"सर, दोन पानं द्या. पाणी हा विषय घ्या. जिव्हाळ्याचा आहे," ते म्हणाले.

पाणी हा विषय! आदल्याच दिवशी मी बादलीभर पाण्यात आंघोळ, दाढी आणि तुळस अशी तीन कामे उरकली होती. जिव्हाळा नुसता उतू जात होता. पण अध्यक्षांना तोंडावर बोलण्याची माझी छाती नाही. तेव्हा मला व्याजस्तुती आठवली.

व्याजस्तुती म्हणजे वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा याच्या उलट. व्याज म्हणजे ढोंग, निमित्त. परीक्षेला हा अलंकार दोन मार्कांना असे. मुले तिची हटकून व्याजोक्तीशी गल्लत करीत आणि मी हटकून एक मार्क कापीत असे. तीस वर्षे मी हे शस्त्र मुलांच्या हाती देत आलो, स्वतः एकदाही चालवले नव्हते. एका रात्रीत मी 'जलदेवतांस नमन' हा लेख लिहून काढला. त्यातली दोन वाक्ये पुढच्या रामायणाला कारण झाली, म्हणून देतो. एक असे: 'पाण्याची किंमत काय असते हे आम्हांला कार्यकारिणीने शिकवले, आठवड्यातले चार दिवस ती आम्हांला कळते आणि उरलेले तीन दिवस आम्ही ती टँकरवाल्याला देतो.' आणि दुसरे: 'पहाटे व्हॉल्व्ह फिरवणारा तो अदृश्य हात संतासारखा निरिच्छ आहे, फळाची आशा त्याला नाही, आणि आता आम्हांलाही उरलेली नाही.'

वाक्ये जमली होती. मीच दोनदा वाचली आणि दोनदा हसलो. सौ.ला वाचून दाखवली. ती म्हणाली, "अध्यक्षांना राग नाही यायचा?"

"यायलाच हवा," मी म्हणालो. मनातून घाबरलो होतो.

राग आला नाही. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी तो लेख मांडवात स्वतः वाचून दाखवला. 'पाण्याची किंमत कार्यकारिणीने शिकवली' या वाक्याशी त्यांचा कंठ दाटून आला. मग माझा शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला. त्या दिवशी सोसायटीत पाणी असलेली ती एकमेव वस्तू. सत्काराच्या भाषणात ते म्हणाले, "सरांनी मला सांगितलं, या प्रकाराला व्याजस्तुती म्हणतात. मी बँकेतला माणूस. व्याजाचं महत्त्व मला कुणी सांगायला नको!" टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी तो लेख लॅमिनेट होऊन लिफ्टशेजारी लागला. लिफ्ट बंद असल्यामुळे तो वाचायला लोकांना वेळही भरपूर मिळाला.

इथवर सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण पाचव्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात मामा उभे. मामा म्हणजे आमचे वॉचमन. रात्री गेट सांभाळतात आणि पहाटे पंप चालू करून व्हॉल्व्ह फिरवतात. मूळचे पैठणच्या बाजूचे. गावाकडे शेताला पाणी नाही म्हणून माणूस मुंबईच्या दिशेने निघाला आणि येऊन पोचला कुठे, तर आमच्या टाकीपाशी. यालाच नशीब म्हणत असावेत.

टोपी हातात घेऊन मामा म्हणाले, "सर, पोरीनं वाचून दाखवलं. तुम्ही माझ्या हाताबद्दल लिहिलंय म्हणे."

माझ्या घशाला कोरड पडली.

"म्या तीनलाच उठतो, सर. टाकीत डोकावतो. पाणीच येईना तर व्हॉल्व्ह कशाचा फिरवू? चुकलं आसंल तर तोंडावर सांगा. पण असं भिंतीवर लावू नका."

मी काहीतरी पुटपुटलो. ते अध्यक्षांना उद्देशून होते, हा एक अलंकार असतो, त्यात वरून एक आणि आतून एक असते... मामांनी सगळे ऐकून घेतले, "बरं सर," म्हणाले आणि टोपी डोक्यावर ठेवून जिना उतरून गेले. त्यानंतर पंधरा दिवस ते मला पाहिले की उठून उभे राहत. आधी नुसते हसत असत. हे उठून उभे राहणे फार वाईट असते हो.

दार लावून मागे वळलो तर सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "ज्याच्यावर लिहिलं त्याला लागलं नाही, आणि ज्याला लागलं त्याच्यावर लिहिलं नव्हतं. याला कुठला अलंकार म्हणतात?"

व्याकरणाच्या पुस्तकात असा अलंकार नाही. मी पाहिले. तेव्हा आपल्या पूर्वसूरींचे नेम बरोबर कसे लागत होते ते तरी पाहावे, म्हणून माळ्यावरची पुस्तकांची ट्रंक खाली काढली. पुढचे पंधरा दिवस मी उपरोधाचा इतिहास वाचत होतो. एरवी इतिहास वाचून माणूस शहाणा होत नाही असे म्हणतात, पण माझी सुरुवातच इतकी खालून होती की थोडी प्रगती होणे भाग होते.

पहिली गोष्ट अशी लक्षात आली की हा धंदा फार जुना आहे. सातव्या शतकात कांचीचा पल्लव राजा महेंद्रवर्मा याने 'मत्तविलास' नावाचे प्रहसन लिहिले. त्यात एका झिंगलेल्या कापालिकाचे भिक्षेचे कपाल हरवते, तो एका बौद्ध भिक्षूवर आळ घेतो, भर रस्त्यात शास्त्रार्थ आणि झोंबाझोंबी होते, आणि कपाल पळवलेले असते एका कुत्र्याने. आता राजानेच प्रहसन लिहिले म्हटल्यावर रागावणार कोण? आमच्याकडे अध्यक्षांनीच लेख लिहिला असता तर प्रश्नच नव्हता. अकराव्या शतकात काश्मिरात क्षेमेंद्र झाला. त्याने 'नर्ममाला' लिहून सरकारी कारकुनांची शाईपासून लाचेपर्यंत हजेरी घेतली. ते वाचताना मला आमच्या ओळखीची इतकी माणसे भेटली की मध्ये हजारएक वर्षे गेली आहेत हे विसरायला झाले.

पण माझे उत्तर काश्मिरात नव्हते, पैठणला होते. एकनाथांची भारुडे मी शाळेत शिकवली होती, म्हणजे कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून दिले होते. या वेळी पहिल्यांदाच ती नीट वाचली. सोळाव्या शतकातला हा शास्त्री-पंडितांच्या घरातला माणूस. जगातले ढोंग दिसते आहे, बोलायचे आहे. पण तो व्यासपीठावर बसून बोलत नाही. तो सोंग घेतो. कधी जोशी होतो, कधी गोंधळी, कधी वासुदेव, कधी जोगवा मागणारी. विंचू चावल्यावर होणारी तडफड तर तो स्वतःच्याच अंगावर घेतो. एका भारुडात एक सासुरवाशीण देवीला नवस बोलते. सासरा, सासू, जाऊ, नणंद, एकेकाची वासलात लावून मागते, नवऱ्यालाही सोडत नाही, आणि शेवटी मला एकटीलाच राहू दे म्हणते. समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. त्यांच्या शेजारी बसलेल्या सासवाही हसतात, कारण त्याही कधीतरी सुना होत्या. हसून झाले की कळते, हे सासर म्हणजे आपल्याच जिवाला जडलेले विकार. म्हणजे बाण सुटला तो थेट ऐकणाऱ्याच्या छातीत, आणि तो हसत असल्यामुळे छाती उघडी.

यातली मेख मला तेव्हा कळली. सोंग घेतले की पहिला मार सोंग घेणाऱ्याच्या पाठीवर बसतो. एकनाथ कुणाकडे बोट दाखवीत नाहीत. ते तोच होऊन उभे राहतात. त्यांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघे एकमेकांच्या धर्माची यथेच्छ टर उडवतात. दोघांच्या तोंडी चांगली शस्त्रे दिली आहेत, कुणालाही बोथट दिलेले नाही, आणि शेवटी दोघे एकमेकांना आलिंगन देतात. मी मात्र मांडवाबाहेर, सुरक्षित अंतरावर उभा राहून दगड मारला होता. तो अध्यक्षांच्या डोक्यावरून गेला आणि मागे उभ्या असलेल्या मामांना लागला.

समर्थांची तऱ्हा वेगळी. 'दासबोधा'त मूर्खांची लक्षणे आहेत, एकामागून एक, वाण्याच्या यादीसारखी. आणि तेवढ्याने आपण सुटलो असे कुणा शहाण्याला वाटू नये म्हणून त्याच दशकात पढतमूर्खाचीही लक्षणे दिली आहेत. मी यादी वाचू लागलो. पहिल्या लक्षणापाशी मला अध्यक्ष आठवले, दुसऱ्यापाशी सेक्रेटरी, तिसऱ्यापाशी वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड. मोठी मौज येत होती. मग सौ. म्हणाली, "द्या इकडे," आणि पेन्सिलीने खुणा करू लागली. तिच्या हिशेबाने बहुतेक सगळी लक्षणे एकाच मजल्यावर सापडत होती. यादी हे शस्त्र असे असते. वाचणारा आधी शेजाऱ्याची नावे भरतो. चौथ्या-पाचव्या ओळीला पेन्सिल त्याच्या हातातून जाते.

सरळ तोंडावर सांगणाऱ्यांचीही आपल्याकडे परंपरा आहेच. तुकोबांना सोंगाची गरज फारशी पडली नाही. फार लांब कशाला, बोळिंजच्या शेजारच्या नंदाखालला १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईची जमीन, पाणी आणि झाडे यांच्यासाठी 'हरित वसई'च्या चळवळीत ते उघड उभे राहिले. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांनी पाण्यावर व्याजस्तुती लिहिली नाही. सरळ बोलण्याला भाषेचे अलंकार लागत नाहीत, पाठीचा कणा लागतो. आणि तो दोन मार्कांना नसल्यामुळे मी शिकवला नव्हता.

मग एकोणिसावे शतक. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एक जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो आणि त्या गरीब जोडप्याला कर्ज काढायला लावून लुबाडतो. जोशापुढे कुणब्याला बोलता येत नाही. त्याचे बोलणे बोलायला फुल्यांनी विदूषक आणला. तो मध्येच येतो आणि आता इथे काय चालले आहे ते प्रेक्षकांना रोखठोक सांगून जातो. संस्कृत नाटकात विदूषक ब्राह्मणाचा असतो, राजाचा मित्र असतो आणि मोदकांवर त्याचे लक्ष असते. फुल्यांनी त्याची नोकरी बदलली. त्याला राजाकडून काढून कुणब्याच्या बाजूला उभा केला.

पण खरा उपरोध पुढेच आहे आणि तो कुणी लिहिलेला नाही, घडला आहे. नाटक बक्षिसासाठी पाठवले ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्यातून इंग्रजी अमलात निघालेले हे बक्षीस! दक्षिणा कशी उकळतात हे दाखवणारे नाटक दक्षिणेच्याच दारात. कमिटीने ते अर्थातच परत केले, आणि छापील रूपात वाचकांपुढे यायला त्याला शंभराहून अधिक वर्षे लागली. हे वाचून मी जरा गंभीर झालो. माझा लेख लॅमिनेट झाला होता, फुल्यांचे नाटक परत आले होते. जो उपरोध कमिटीला आवडतो, त्याच्यात पाणी किती हे निराळे सांगायला नको. (आमच्या सोसायटीत तेवढे तरी कशात असावे, हे समाधान.)

माझी व्याजस्तुती का फसली त्याचे तांत्रिक उत्तर मात्र श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांकडे मिळाले. कोल्हटकर पेशाने वकील, वऱ्हाडात वकिली करीत. १९०२ साली 'विविधज्ञानविस्तारा'त त्यांचा 'साक्षीदार' हा लेख आला आणि आधुनिक मराठी विनोदी लेखाचा नारळ फुटला. पुढे हे लेख 'सुदाम्याचे पोहे' म्हणून पुस्तकात आले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्यांचे त्रिकूट. कोल्हटकरांना वेड्या चालीरीतींवर हल्ला करायचा आहे, पण हे त्रिकूट त्या चालींचे विरोधक नाही, कट्टर कैवारी आहे! ते इतक्या निष्ठेने बाजू मांडतात की वाचणाऱ्याला घाम फुटावा. वकिलाला हे बरोबर सुचले. फिर्याद हरवायची असेल तर विरुद्ध पक्षाला हवे तेवढे बोलू द्यावे.

हीच युक्ती इंग्रजीत जोनाथन स्विफ्टने १७२९ साली केली होती. आयर्लंडमधल्या दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांची तान्ही मुले श्रीमंतांच्या जेवणात वाढावीत, असा प्रस्ताव त्याने आकडेवारीसह, अगदी सज्जन हितचिंतकाच्या आवाजात मांडला. तो प्रस्ताव डब्लिनच्या एखाद्या सोसायटीने लॅमिनेट करून लावल्याचे ऐकिवात नाही. म्हणजे असे की, व्याजस्तुती करायची तर स्तुती इतकी फुगवावी लागते की ती ज्याची त्यालाही गिळता येऊ नये. मी ती बेताने फुगवली. अध्यक्षांची भूक माझ्या अतिशयोक्तीपेक्षा मोठी निघाली.

कोल्हटकरांनीच महाराष्ट्रगीत लिहिले हे पुष्कळांच्या लक्षात नसते. ज्याने महाराष्ट्राच्या खोड्या सगळ्यांत जास्त काढल्या, त्यानेच त्याचे कोडकौतुकही गायले. मला वाटते या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा. परक्याच्या पोराच्या कानाखाली आपण वाजवीत नाही.

मराठीत विनोदाचे गाण्यासारखे घराणे आहे. कोल्हटकरांचे शिष्य गडकरी, गडकऱ्यांना गुरू मानणारे अत्रे. गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावाने लिहिले आणि अतिशयोक्तीचा पार कळस केला. पण त्यांचे खरे पाणी दिसते ते 'एकच प्याला'तल्या आर्यमदिरामंडळात. दारूबाजांची रीतसर मंडळी, तिच्या सभा, तिचे नियम, तात्त्विक भाषणे! सभ्य माणसांच्या सभांचा सगळा सांगाडा जशाच्या तसा उचलून त्यात दारू भरली. आमच्या वार्षिक सभेला गेले की मला हटकून तळीराम आठवतो. तिथे निदान प्यायला काहीतरी होते.

अत्र्यांनी १९२५ साली 'झेंडूची फुले' काढून रविकिरण मंडळाच्या काळातल्या हळव्या कवितेचे विडंबन केले. विडंबन हा प्रकार आळशी माणसासाठी नाही. ज्याची नक्कल करायची त्याचे वृत्त, त्याचे लाडके शब्द, त्याचे सुस्कारे सगळे आधी आपल्याला त्याच्याइतके यावे लागतात. म्हणून चांगल्या विडंबनात थोडी भक्ती असते. पुढे 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या मुखवट्यामागून जयवंत दळवींनी बडेबडे लेखक वर्षानुवर्षे ठोकून काढले. वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाच्या हाती भला मोठा हातोडा दिला होता. गंमत म्हणजे तो आपल्यावर कधी पडतो याची लेखक वाट पाहत असत. त्यातून सुटला तो लेखक कसला!

मुखवटा नेहमीच इतका स्वस्तात सुटत नाही. विजय तेंडुलकरांनी 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) पेशवाईचा पडदा लावून सत्तेचा कुठल्याही काळातला चेहरा दाखवला, तेव्हा केवढे वादळ उठले. पुढे १९८० साली नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही विरोध झालाच. आणि १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा दिल्लीच्या 'शंकर्स वीकली'ने त्याच वर्षी आपले दुकान स्वतःच आवरले. हसणाऱ्याला कोपऱ्यात गाठले की पुढे काय वाढून ठेवले आहे हे ओळखावे. या माणसांनी किंमत मोजली होती. मी शाल मोजली होती.

ट्रंकेच्या तळाशी चिं. वि. जोशी सापडले आणि माझा शोध तिथे संपला. चिं. वि. बडोद्याला पालीचे प्राध्यापक. बुद्धाची भाषा शिकवणारा हा शांत माणूस १९३३ साली 'चिमणरावाचे चऱ्हाट' घेऊन आला. चिमणराव स्वतः गोष्ट सांगतो. स्वतःला तो बराच हुशार समजतो, आणि प्रत्येक परिच्छेदात त्याची फजिती होते. काऊ, मोरू, मैना, राघू आणि मधे दांडगा गुंड्याभाऊ. १९७९च्या सुमाराला मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी हे दोघे घरोघर पोचवले. चिमणराव कुणालाही शहाणपण शिकवत नाही. पण त्याचे भित्रेपण, त्याची साहेबापुढची लाळघोटी, त्याचा पोकळ मोठेपणा पाहता पाहता अख्खा मध्यमवर्ग आरशापुढे येऊन उभा राहतो, आणि आरसा चिमणरावाच्या हातात असल्यामुळे कुणी रागावत नाही. एकनाथांपासून निघालेली वाट इथे, पुण्याच्या एका कारकुनाच्या बिऱ्हाडात, येऊन पोचते. साधन बदलते, सोंग बदलते. पण सोंग स्वतःच घ्यावे लागते.

पुस्तके ट्रंकेत भरली आणि खाली गेलो. मामा गेटपाशी होते. मला पाहून उठून उभे राहिले.

"मामा, बसा. मला एक सांगा, तुम्ही पैठणकडचे. भारूड पाहिलंय?"

मामांचा चेहरा पंधरा दिवसांत पहिल्यांदा सैल झाला. नाथषष्ठीला वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली भारुडे त्यांना आठवू लागली. ते नुसते सांगत नव्हते. बोलता बोलता खांद्यावरचा पंचा डोक्यावर पदरासारखा घेऊन त्यांनी दोन गिरक्या घेतल्या, आवाज बारीक केला, आणि गेटवर दूधवाला, पेपरवाला आणि शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या चार आया असे भरगच्च प्रेक्षागृह गोळा झाले. तीस वर्षे मी भारूड शिकवले आणि ते असते कसे हे मला वॉचमनच्या खुर्चीशेजारी कळले.

दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत मी लेख दिला नाही. मामांनी आणि मी मिळून एक भारूड बसवले. मामा झाले टाकी. डोक्यावर उपडे पातेले, आणि पोटातून येणारा रिकामा घुमणारा आवाज. आणि मी झालो मी. म्हणजे सोसायटीचा एक सभासद. जो नळ उघडा टाकून पेपर वाचत बसतो, टाकी भरून वाहू लागली की खिडकीतून मौज पाहतो, वार्षिक सभेला चहा होईपर्यंत थांबतो आणि बोलायची वेळ आली की घरी जाऊन व्याजस्तुती लिहितो. टाकी त्या सभासदाला एकेक प्रश्न विचारी आणि सभासद त्याला भलतेच काही सांगे. यात मला अभिनय असा काही करावा लागला नाही. लोक पोट धरून हसले. सौ. सगळ्यांत जास्त हसली. तिने पेन्सिलीने केलेल्या खुणांचा मी पुरेपूर उपयोग केला होता.

अध्यक्षसाहेब पहिल्या रांगेत होते. पहिली पाच मिनिटे हसले. मग हळूहळू कमी हसू लागले. कार्यक्रम संपल्यावर मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "सर, खरं सांगा. हे माझ्यावर होतं का?"

"छे हो! मी फक्त स्वतःवर बोललो," मी म्हणालो. आणि ते अक्षरशः खरे होते.

"हं," ते म्हणाले, आणि शाल न देता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी सवयीने उठलो आणि खिडकीतून पाहिले. टाकीपाशी दोन टॉर्च होते. एक मामांचा. दुसरा अध्यक्षांचा. दोघे वाकून आत पाहत होते. पाणी आले नव्हते. पण ते आले नाही हे अध्यक्षांनी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि त्यात हाताचा काही दोष नाही हेही. लिफ्टशेजारचा माझा लेख संध्याकाळी निघाला. कुणी काढला ते मी विचारले नाही. भिंतीवर चार स्क्रूंची भोके तेवढी राहिली आहेत.

यानंतर बोळिंजला गंगा अवतरली असे मात्र समजू नका. अध्यक्ष पहाटे टाकीपाशी आले ते एकच दिवस. उपरोधाकडून याहून अधिक मागू नये. एकनाथांना चारशेवर वर्षे झाली, सासवा अजून आहेत. फुल्यांच्या जोशाचा धंदाही काही बुडालेला नाही. पण एक दिवस तर एक दिवस. व्याजस्तुतीचे जे व्याज माझ्या अंगावर चढले होते, त्यातला एक हप्ता फिटला. मुद्दल अजून बाकी आहे.

मामा आता मला पाहून उठत नाहीत. बसल्या जागेवरूनच आवाज बारीक करून विचारतात, "काय सभासद, नळ बंद केला का?"

मी जिन्यातून परत वर जातो. बहुतेक वेळा तो उघडाच राहिलेला असतो.